भाड्याच्या घरातली ओल परत परत येते तेव्हा: रंगाऱ्याच्या आधी काय करायचं

तक्रार अशी. बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत. जमिनीपासून गुडघाभर उंचीवर एक डाग, आधी बशीएवढा, मग ताटाएवढा. रंगाला फुगे. फुगा बोटाने दाबला की आतून भुरभुर पीठ पडतं. खाली स्कर्टिंगच्या कडेला पांढरा लोणा साचलेला. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलेलं, आणि ते तसंच राहिलं, कारण मागे ढकलायची हिंमत होत नाही.

वर्षभरात तीन दुरुस्त्या झाल्या. पहिल्यांदा प्लंबर बेसिनखालचा अँगल कॉक बदलून गेला. दुसऱ्यांदा बाथरूमच्या फरशीच्या सांध्यांत पांढरं सिमेंट भरलं. तिसऱ्यांदा मालकांनी थेट रंगारीच पाठवला. त्याने पोपडे खरवडले, पुट्टी मारली, दोन हात रंग दिला. भिंत इतकी छान दिसायला लागली की मालकांना फोटो पाठवताना खाली नमस्काराचं चित्रही मीच टाकलं. सहा आठवड्यांनी त्याच जागी फुगा.

चीड येते ती याची की तिघांनीही आपापलं काम नीट केलं होतं. अँगल कॉक खरंच ठिबकत होता. सांधे खरंच उघडे पडले होते. पण डाग कशामुळे पडतो हे तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. प्लंबर अर्धा तास येतो आणि जातो. मालक भिंत फक्त फोटोत बघतात. पुढच्या वेळी दुसराच प्लंबर येतो आणि त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: "हे आधी कुणी केलंय?" (हे वाक्य शिकवणारी एखादी शाळा असणार, अशी माझी खात्री आहे.) भिंतीसोबत रोज राहणारा माणूस एकच, भाडेकरू. त्यामुळे भिंत आपली नसली तरी तिचा हिशेब आपणच ठेवायचा. तो ठेवायला लागल्यावरच आमची गळती सापडली.

सगळ्यात आधी वीज

डागाजवळ स्विचबोर्ड किंवा प्लगपॉइंट असेल तर बाकी काही वाचायच्या आधी त्या भागाचा एमसीबी (वीजपेटीतला त्या लाइनचा छोटा स्विच) खाली पाडा आणि तो पॉइंट वापरणं थांबवा. घरात आरसीसीबी (वीज भलतीकडे निसटली की पुरवठा तोडणारा स्विच) असेल आणि तो अधूनमधून विनाकारण पडत असेल, तर ते विनाकारण नसतं. घरांमध्ये हा बहुधा ३० मिलिअँपिअरचा असतो. एवढा प्रवाह वाट सोडून ओल्या प्लास्टरमधून निसटला तरी तो पडतो. सगळे एमसीबी पाडून आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चढवत जा. जो वर करताच सगळं बंद पडतं त्याची लाइन ओली आहे असं समजा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत ती बंदच ठेवा. मालकांना हे त्याच दिवशी कळवायचं, आणि डागाच्या तक्रारीत न मिसळता वेगळं कळवायचं. एका निरोपात चार तक्रारी घातल्या की समोरचा सगळ्यात सोप्या तक्रारीचं उत्तर देतो.

पाणी नक्की भिंतीतूनच येतंय का?

भिंत ओली लागते म्हणजे गळती आहेच असं नाही. बंद खोलीत, कपाटामागे, थंड भिंतीवर हवेतलीच वाफ बसते. ते तपासायला स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियम फॉइलचा हातभर तुकडा घ्या. डागावर ठेवा आणि चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद चिकटवा. रंग सुटत असेल तर पट्टी टिकत नाही, म्हणून आधी पोपडे काढून जागा कोरड्या फडक्याने पुसून घ्या. एक-दोन दिवसांनी बघा. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूवर दव असेल तर ते हवेतलं पाणी. खिडकी उघडा, कपाट पुढे ओढा, ओले कपडे त्या खोलीत वाळत घालू नका. भिंतीकडची बाजू ओली असेल तर पाणी भिंतीतून येतंय.

आमच्याकडे भिंतीकडची बाजू ओली निघाली.

पेन्सिल

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो पेन्सिलीचा. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ काढायची आणि रेघेवर तारीख लिहायची. चार दिवसांनी डाग रेघेबाहेर गेला असेल तर नवी रेघ, नवी तारीख. आत आला असेल तरी तसंच. शेजारी मोजपट्टी धरून फोटो. नकाशात डोंगराभोवती उंचीच्या रेषा असतात तशी भिंत दिसायला लागते. घरी आलेल्या पाहुण्यांना समजावून सांगावं लागतं, पण "वाढलाय", "नाही हो, तेवढाच आहे" हा वाद कायमचा मिटतो.

सोबत वहीत दोन ओळी: त्या दिवशी बाथरूममध्ये काय काय वापरलं, घरात कुणी होतं की नाही, पाऊस होता की नाही. कारण डाग कधी वाढतो यावरून पाणी कुठून येतं याचा बराचसा पत्ता लागतो. दिवसरात्र, घर बंद असतानाही वाढत असेल तर दाबाखालची पुरवठ्याची लाइन, म्हणजे ज्या पाइपात नळ बंद असतानाही पाणी उभं असतं ती. डाग हाताला कोमट लागत असेल तर गीझरकडून येणारी गरम लाइन. पावसानंतरच वाढत असेल तर बाहेरची भिंत, खिडकीची चौकट किंवा गच्ची. फक्त अंघोळी झाल्यावर वाढत असेल तर सांडपाण्याची बाजू, फरशी किंवा टाइल्स. निदान मला तेव्हा तसंच वाटायचं. या शेवटच्या प्रकारात एक फसवा भाग आहे, त्याकडे येतेच.

चार दिवस आम्ही गावाला गेलो. मुख्य कॉक मुद्दाम चालू ठेवला, नळ सगळे बंद. परत आलो तर डाग रेघेच्या दोन बोटं आत. म्हणजे कुणी पाणी वापरत नव्हतं तेव्हा भिंत वाळत होती. पाण्याच्या मीटरवरही तेच. सगळे नळ बंद करून आकडे लिहून ठेवले, दोन तासांनी पाहिले, शेवटचा बारीक आकडासुद्धा हलला नव्हता. (आकडा हलला तर लगेच भिंतीवर आळ घेऊ नका. आधी फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर टाकीतला वॉशर गळतोय आणि मीटर त्यामुळे फिरतोय.)

यानंतर आलेल्या प्लंबरने दाबचाचणीही केली, म्हणजे पाइपात दाब भरून तो टिकतो का ते पाहिलं. हातपंप लावला, काट्याकडे अर्धा तास बघत बसला. काटा जागचा हलला नाही. "लाइन ओके आहे मॅडम. फरशीखालचं वॉटरप्रूफिंग गेलंय. सगळं तोडायला लागेल."

इथे आमची गाडी तीन महिने अडकली. पूर्ण बाथरूमची फरशी तोडायची म्हटल्यावर कुठलाही मालक "बघू" म्हणणार. आमचे घरमालक काकाही "बघू" म्हणाले. मला राग आला, पण प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. एका माणसाच्या अंदाजावर कोण आपलं बाथरूम फोडून घेईल?

एका वेळी एकच पाणी

मग ठरवलं, तोडफोडीचा अंदाज खरा आहे का ते आपणच बघू. नियम एकच ठेवला: एका वेळी एकाच ठिकाणी पाणी, आणि दोन चाचण्यांमध्ये दोन दिवसांचं अंतर. भिंत उशिरा बोलते. आत मुरलेलं पाणी प्लास्टरमधून पलीकडे यायला काही तास लागतात, कधी पूर्ण दिवस. सकाळी फरशीवर पाणी टाकलं, दुपारी टाइल्सवर मारलं आणि संध्याकाळी डाग वाढला, तर काहीच कळलं नाही. या काळात अंघोळ बादलीने, डागाच्या विरुद्ध कोपऱ्यात.

पहिली चाचणी फरशीची. नहाणी ट्रॅपवर (फरशीतलं पाणी वाहून जातं त्या जाळीवर) प्लास्टिकची पिशवी ठेवून वर ओल्या फडक्याचा बोळा दाबला आणि दोन-तीन सेंटिमीटर पाणी साचवलं. दारातून बाहेर येणार नाही इतकंच. पाण्याच्या पातळीला टाइलवर खूण केली, रात्रभर ठेवलं. एक गोष्ट आधीच डोक्यात असू द्या: एक चौरस मीटरवर दोन सेंटिमीटर म्हणजे वीस लिटर. खाली कुणी राहत असेल तर त्यांना सांगून करा, आणि रात्रभर झोपून जाण्याऐवजी मधूनमधून बघा. पाणी उतरलं आणि डाग वाढला तर फरशी किंवा ट्रॅपची कड दोषी. आमच्याकडे दोन दिवसांनी डाग होता तिथेच. तोडफोडीचा अंदाज इथेच डळमळला.

दुसरी चाचणी भिंतीच्या टाइल्सची. शॉवर न वापरता मगने टाइल्सवर पाणी मारत राहायचं, वीसेक मिनिटं, नळांच्या चकत्यांभोवती जास्त. हात दुखून येतो. जाता जाता एक खुलासा: टाइल्सच्या सांध्यांतलं ग्राउट पाणी अडवतं हा गैरसमज आहे. ग्राउटमधून थोडं पाणी मुरतंच. अडवायचं काम टाइलखालच्या वॉटरप्रूफ थराचं. तो थर शाबूत असेल तर सांधे जुने असूनही भिंत कोरडी राहते, आणि तो फाटलेला असेल तर सांधे कितीही भरा. तर दोन दिवसांनी डाग थोडासाही पुढे सरकला नव्हता.

फरशी नाही, टाइल्स नाहीत, दाबाची लाइन नाही. तरी शॉवरने अंघोळ केली की डाग वाढतो. मी दोन दिवस या कोड्यावर बसले होते.

उत्तर असं. भिंतीतल्या डायव्हर्टरपासून (पाणी नळाकडे की शॉवरकडे सोडायचं ते ठरवणाऱ्या कॉकपासून) वर शॉवरपर्यंत जाणारा जो पाइपचा तुकडा असतो, तो एरवी रिकामा असतो. शॉवर सुरू केला तरच त्यात पाणी चढतं. शॉवर बंद असताना मीटर बघा, दाबचाचणी करा, घर चार दिवस बंद ठेवा, तो तुकडा कशातच सापडत नाही, कारण सगळ्या चाचण्या डायव्हर्टरपाशी येऊन थांबतात. प्लंबरची चाचणी खोटी नव्हती, अपुरी होती. तो तुकडा तपासायचा तर शॉवरच्या तोंडाला बूच मारून, डायव्हर्टर शॉवरकडे फिरवून दाब द्यायला हवा.

बूच आणि पंप आमच्याकडे नव्हते, म्हणून तिसरी चाचणी घरगुती. शॉवरच्या जाळीवर मोठी जाड पिशवी घातली, दांड्याला रबराने घट्ट बांधली, खालचा कोपरा कापून बादलीत सोडला. पाणी पिशवीतून थेट बादलीत, भिंतीवर एक थेंब नाही. वीस मिनिटं शॉवर चालू. बादल्या भरत गेल्या, त्याच पाण्यात दोन दिवसांचे कपडे धुतले. दुसऱ्या दिवशी सकाळी डाग पेन्सिलीच्या रेघेबाहेर बोटभर.

डाग गुडघ्यापाशी आणि शॉवरचा दांडा डोक्याच्या वर, म्हणून तिकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. पाणी सुटतं एकीकडे, टाइलच्या मागच्या पोकळीतून खाली घरंगळतं आणि जिथे अडतं तिथे दिसतं.

मालकांना काय लिहायचं

आधीचे माझे निरोप असे असायचे: "काका, भिंतीला परत ओल आली आहे, प्लीज कुणाला तरी पाठवा." यात "कुणाला तरी" लिहिल्यावर कुणीही येतो. यावेळी लिहिलं ते जवळजवळ जसंच्या तसं देते:

"काका नमस्कार. बेडरूमच्या भिंतीची ओल शॉवरच्या दांड्याच्या सांध्यातून येते आहे असं दिसतं. फरशीवर रात्रभर पाणी साचवून पाहिलं, डाग वाढला नाही. टाइल्सवर पाणी मारून पाहिलं, वाढला नाही. भिंत कोरडी ठेवून फक्त शॉवर वीस मिनिटं चालवला तर बोटभर वाढला. तारखांसह फोटो सोबत आहेत. फरशी तोडायची गरज दिसत नाही. प्लंबरला शॉवरचा दांडा काढून आतला सांधा बघायला सांगायचं आहे. शनिवारी सकाळी किंवा रविवारी दिवसभर मी घरी आहे. तुम्ही पाठवता की मी बोलवू? तोपर्यंत शॉवर वापरणं बंद ठेवलं आहे."

काकांचा फोन दहा मिनिटांत. "तोडायला नको ना? मग तूच बोलव गं, पैसे मी देतो." तीन महिन्यांचं "बघू" एका वाक्याने सुटलं, "फरशी तोडायची गरज दिसत नाही" या. मालक टाळाटाळ करतात असं आपण म्हणतो, आणि काही करतातही. पण बऱ्याचदा समोर खड्डा किती खोल आहे ते दिसत नसतं म्हणून माणूस पाय टाकत नाही.

फोनवर ठरलेलं त्याच दिवशी लेखी परत पाठवायचं: "आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे मी प्लंबर बोलावते, खर्च तुमच्याकडे." दुरुस्ती कुणी करायची, कुणी पैसे द्यायचे हे आपल्या करारात काय लिहिलंय ते एकदा वाचून ठेवा. मनाने भाड्यातून रक्कम कापू नका, त्यातून ओलीचं भांडण भाड्याचं होऊन बसतं. जुने फोटोही पुसू नका. घर सोडताना डिपॉझिटच्या वेळी "ही भिंत तुमच्या काळात खराब झाली" हे वाक्य येऊ शकतं.

प्लंबर आल्यावर

दादांना आल्याआल्या वही दाखवली नाही. कारागिराला पहिल्याच मिनिटाला आपण शिकवायला लागलो की त्याचा हात आखडतो. फक्त म्हटलं, "दादा, शॉवर चालू केला तरच ओल वाढते. दांडा काढून बघायचा का?" त्यांनी दांडा धरला आणि फिरवला. पाना लागलाच नाही. दोन फेऱ्यांत दांडा हातात आला.

दोन फेऱ्या! आतल्या एल्बोत (पाइपच्या कोपऱ्याच्या जोडात) दांड्याचे आटे जेमतेम दोन बसले होते. मूळचा दांडा कुणीतरी कधीतरी बदललेला, नवा आट्यांना आखूड, त्यात टाइलची जाडी आणि वर चकती. उरलेलं काम टेफलॉन टेपने करायचा प्रयत्न झालेला. तिचा चुरगळलेला पांढरा गोळा आट्यांवरून तसाच सरकून आला. मोबाइलचा टॉर्च मारून भोकात पाहिलं तर आतलं सिमेंट काळपट ओलं होतं.

"हे आधी कुणी केलंय?" दादा म्हणालेच.

उपाय छोटा. एल्बोत बसेल आणि टाइलच्या पृष्ठभागापर्यंत येईल असा पितळी एक्स्टेन्शन निपल, म्हणजे लांबी वाढवणारा आट्यांचा तुकडा, त्यावर दांडा. टेप आट्यांच्या दिशेने, म्हणजे आट्यांचं टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांसारखी गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर घट्ट करताना ती उकलत जाते. चकतीभोवती वरून आणि बाजूंनी सीलंट, खालची कड मुद्दाम उघडी, म्हणजे पुढेमागे परत गळलं तर पाणी भिंतीत न जाता समोर दिसेल. ही खालची कड उघडी ठेवायची युक्ती दादांची, माझी नाही. त्यांनी जायच्या आधी शॉवरला बूच लावून, डायव्हर्टर फिरवून दाबही देऊन दाखवला. काटा स्थिर. त्याचा फोटो काढला, काकांना पाठवला.

छतावर डाग असेल तर

तपासणी हीच, फक्त बाथरूम वरच्यांचं. तिथे मोठी अडचण माणसांची होते, कारण ओल आपल्याकडे दिसते आणि त्रास वरच्यांना शून्य. वरही भाडेकरू असतील तर चौघं झाले: खालचा भाडेकरू, खालचे मालक, वरचे मालक, वरचा भाडेकरू. आपण थेट वर जाऊन "तुमच्यामुळे" म्हणून सुरुवात केली तर दार पुन्हा उघडत नाही. मी असते तर वरच्या ताईंकडे एवढंच मागितलं असतं: दोन दिवस शॉवरऐवजी बादली वापराल का? तेवढ्याने डाग वाढायचा थांबला तर पुढचं मालकांनी मालकांशी बोलायचं.

रंग कधी लावायचा

गळती थांबली म्हणजे भिंत कोरडी झाली असं नाही, आणि आमची तिसरी दुरुस्ती गळती थांबलेली असती तरीही टिकली नसती. जाडीच्या दर २५ मिलिमीटरला एक महिना असा वाळण्याचा ढोबळ हिशेब धरतात. चार इंची भिंत म्हणजे सुमारे १०० मिलिमीटर, आणि बाथरूमच्या बाजूने टाइल्स, म्हणजे वाळायला एकच बाजू. चार महिने. त्याआधी पुट्टी आणि रंग चढवला तर आतलं पाणी वाट काढताना क्षार घेऊन येतं, रंगाच्या मागे ते साठतात आणि रंग ढकलतात. तोच फुगा. म्हणून पोपडे काढा, लोणा कोरड्या ब्रशने झाडा (ओल्या फडक्याने पुसलात तर क्षार विरघळून परत भिंतीत जातात), पंखा लावा, आणि वाट बघा. फॉइलचा तुकडा परत चिकटवा. भिंतीकडची बाजू सलग दोन वेळा कोरडी निघाली तर रंगाऱ्याला बोलवा.

आमच्याकडे आता नववा आठवडा आहे. सगळ्यात बाहेरची रेघ आणि डागाची आताची कड यांत चांगलंच अंतर पडलंय. काकांनी काल विचारलं, पाहुणे यायचे असतील ना तुझ्याकडे, रंगारी पाठवू का? मी मागच्या आठवड्यातला फॉइलचा फोटो पाठवला. अजून दव आहे काका, थांबा.